वासरश्लोस घराण्याची सोयरीक

मु. कडजाई, पवन मावळ
ता. ९ फेब्रुवारी १९३२

राजमान्य राजेश्री दिगंबरपंत यांस भिमाजीचा रामराम.

वडगावच्या शाळेत आपण एका बाकावर बसत होतो. तुम्ही माझ्या बेरजा उतरवून घ्यायचात आणि मी तुमचं शुद्धलेखन. आज पुन्हा तुमच्याकडून काही उतरवून घ्यायची वेळ आली आहे.

माझी रतन आता सोळा वर्षांची झाली. तिच्यासाठी एक मुलगा आहे, हौशीराम. घाटावर विजेच्या कंपनीत फिटरच्या हाताखाली असतो. दिवाळीनंतर विजेच्या खांबांची जागा बघायला कंपनीची माणसं आमच्या गावात आली होती आणि आठवडाभर मारुतीच्या देवळात राहिली. भाकरी आमच्या घरची. ती रतन नेऊन द्यायची. माणसं परत गेली, पण रतनचं मन काही देवळातून परत आलं नाही. मुलगा मलाही पसंत आहे. तंबाखू नाही, उलट उत्तर नाही, पगार दर महिन्याला.

अडचण त्याच्या आडनावाची आहे. ते आहे वासरश्लोस.

झालं असं, की वीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर धरणाच्या कामाची जर्मन यंत्रं उतरत होती. त्यातल्या एका रिकाम्या खोक्यात, गवतावर, हे पोर रडत होतं. कुणी टाकलं, आजतागायत कळलं नाही. मजुरांची खानावळ चालवणाऱ्या झुंबरबाईनं ते खोक्यासकट घरी नेलं आणि वाढवलं. तिचं कुळ विचारलं की म्हणायची, "माझं कुळ म्हंजी चूल." ती मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. पुढं शाळेत मास्तरांनी आडनाव विचारलं, तेव्हा ज्या खोक्यात तो निजायचा त्यावरचा शब्द त्यानं सांगितला. तेच नाव लागलं.

आता आमची अंबूआत्या. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. ती म्हणते, "कुळ न्हाई, देवक न्हाई, आन् पोरगी कुटं द्यायची? खोक्यात?" पंत, तुमच्यात गोत्र तसं आमच्यात देवक. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, आमचं पाणकणीस. देवक एक तर रक्त एक, तिथं सोयरीक नाही. माझा चुलतभाऊ दत्तोबा भावकीचा पुढारी. त्यानं नाणे मावळातला एक बिजवर शोधून ठेवला आहे. बिजवराची थोरली मुलगी रतनच्याच वयाची. यंदा पावसाळ्यात सिंहस्थ लागतोय, मग वर्षभर लग्न नाही. म्हणजे जे व्हायचं ते वैशाखापर्यंत.

संस्कृतचा मोठा कोश वाचता यावा म्हणून तुम्ही जर्मन शिकलात, तेव्हा अख्खा तालुका तुम्हाला हसला होता. आता त्याच तालुक्याचे डोळे तुमच्याकडे लागले आहेत. या वासरश्लोस नावाचं घराणं कोणतं, मूळ कुठलं, ते लिहा. खरं असेल तेच लिहा. पत्र देवळात सगळ्या भावकीपुढं वाचायचं ठरलं आहे.

तुमचा
भिमाजी

*

लोणावळे
ता. १५ फेब्रुवारी १९३२

प्रिय भिमाजीराव, सप्रेम नमस्कार.

मी जर्मन शिकलो त्याला जमाना झाला. आजवर मला या भाषेतल्या एकाही शब्दाचा अर्थ कुणी विचारला नव्हता. तुमचं पत्र आलं आणि मी चहा तसाच ठेवून कोश काढले.

पहिल्यानेच देवळात स्पष्ट करा की वासर म्हणजे वासरू नव्हे. हा जोडशब्द आहे. वासर म्हणजे पाणी. श्लोस म्हणजे किल्ला. दोन्ही मिळून पाण्याने वेढलेला किल्ला, आपल्याकडे ज्याला आपण जलदुर्ग म्हणतो तसा. अलीकडे इंजिनियर लोक घाटाच्या माथ्यावरच्या त्या हौदालाही हेच नाव देतात, जिथे पाण्याचा अनावर जोर जिरतो आणि मग ते नळातून खाली सोडतात. आपल्या मुलाच्या खोक्यात त्या हौदाचाच एखादा भाग आला असावा.

(पान दुसरे) आता या शब्दाच्या घरातली व्यवस्था सांगतो. जर्मन जोडशब्दात कुळ चालतं ते शेवटच्याचं. वासर ही श्लोसांच्या घरी आलेली सून समजा. नाव तिचं आधी येतं, पण घर श्लोसांचं. तेव्हा मुलाचं घराणं श्लोस. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो गाळू नये.

आणखी पुष्कळ लिहिण्यासारखं आहे, पण टपाल निघतंय.

आपला
दिगंबर

ता. क. भिमाजी भावोजींना प्रमोदिनीचा नमस्कार. तुम्ही विचारलं मुलाचं घराणं कोणतं आणि यांनी सांगितलं शब्दाचं. मुलाला एकदा आमच्याकडे जेवायला पाठवा. चौकशी मी करते.

*

लोणावळे
ता. २४ फेब्रुवारी १९३२

प्रिय भिमाजीराव,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहितोय, कारण मला स्वस्थता नाही. मागच्या पत्रात मी अर्धंच सत्य लिहिलं, आणि तुम्ही तर खरं लिहा म्हणून बजावलं होतं.

श्लोस म्हणजे किल्ला हे खरं. पण हा मोठेपणा त्याला अलीकडचा, फार तर सहा-सातशे वर्षांचा. त्याआधी श्लोस म्हणजे नुसती दाराची कडी. अडसर, अडणा, काय म्हणाल ते. कडी लागली म्हणजे दार बंद, दार बंद म्हणजे जागा सुरक्षित, आणि सुरक्षित जागा म्हणजे किल्ला, अशी त्याची बढती झाली. मूळपुरुष मात्र कडीच.

हे देवळात वाचून दाखवावं. कुळाच्या बाबतीत एक अक्षर लपवलेलं बरं नाही.

आपला
दिगंबर

ता. क. मी हे पत्र टाकू नका म्हटलं होतं. प्रमोदिनी.

*

मु. कडजाई
ता. २ मार्च १९३२

दिगंबरपंतांस भिमाजीचा रामराम.

दोन्ही पत्रं पोचली. काय काय झालं ते क्रमानं सांगतो.

पहिलं पत्र शाळेच्या गुरुजींनी देवळात वाचलं. 'किल्ला' म्हटल्याबरोबर गलका झाला. पुढचं जोडशब्दाचं पान गुरुजींनी गाळलं, कारण लोकांना किल्ल्याची घाई होती. सगळ्यात आधी दत्तोबा उठला आणि म्हणाला, "किल्लेदाराचं पोरगं हाय ते. म्या पयल्यापासनं सांगत हुतो." तो काही सांगत नव्हता. हौशीरामाला घाटावरून बोलावून घेतलं. बिचारा कामाच्या कपड्यात आला. त्याला घोंगडीवर मधोमध बसवला, डोक्याला पागोटं बांधलं आणि विचारलं, पूर्वजांचं काही हत्यार आहे का. त्यानं खिशातून नट सोडवायचा पाना काढून दाखवला. तो हळदकुंकू लावून मारुतीच्या पायाशी ठेवला गेला. कंपनीचा पाना आहे, परत द्यायचा आहे, असं तो सांगत होता. कुणी ऐकलं नाही. दत्तोबानं तर आपलीच धाकटी पोर त्याला द्यायची म्हणून माझ्याच समोर बोलणी काढली.

आणि तेवढ्यात टपालवाला तुमचं दुसरं पत्र घेऊन आला. गुरुजींनी ते तिथल्या तिथं वाचलं. 'कडी' म्हटल्यावर मारुतीलाही अवघडल्यासारखं झालं असेल. पागोटं हळूच काढून घेतलं. दत्तोबा पोरीचं वय लहान असल्याचं आठवून घरी गेला. हौशीराम तसाच घोंगडीवर बसून होता. मग त्यानं विचारलं, "आता पाना घेऊ का?"

त्यातल्या त्यात आत्याच बरं बोलली. "किल्ल्याला बी कडी लागतीच की. कडी असली तर घरातली हाय. पन त्या फुडल्या शब्दाचं काय? त्या वासराकडलं बी कळू द्या."

तेव्हा पंत, वासराकडचं कळवा. पण हात जोडून विनंती, जरा कमी लिहा. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली आहे.

तुमचा
भिमाजी

*

लोणावळे
ता. १० मार्च १९३२

प्रिय भिमाजीराव,

कमी लिहा म्हणालात, म्हणून एकच गोष्ट लिहितो. पण ती अशी आहे, की तिच्यापुढे किल्ला आणि कडी दोन्ही विसराल.

जर्मन वासर आणि आपलं उदक हे एकाच घरचे आहेत.

हे माझं म्हणणं नाही, जगातले सगळे मोठे पंडित हेच सांगतात. चार-पाच हजार वर्षांपूर्वी एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं पाण्याला जे म्हणायची, त्या शब्दाची लेकरं पांगली. एक आपल्याकडे आलं, ते उदक. एक ग्रीकांकडे गेलं. इंग्रजांचं वॉटर त्याच घरचं, रशियनांचं वोदा त्याच घरचं. आणि एक जर्मनीच्या जंगलात राहून वासर झालं. भाषा बदलल्या, वेष बदलले, पण नाकडोळे ओळखू येतात.

तेव्हा भावकीला ठणकावून सांगा, हौशीराम परका नाही. तो आपल्याच उदकाच्या रक्ताचा आहे. हे लिहिताना माझे डोळे भरून आले. आता सोयरीक नाकारायला कुणाला तोंड राहणार नाही.

आपला
दिगंबर

*

मु. कडजाई
ता. २९ मार्च १९३२

दिगंबरपंत,

रामराम घ्यावा. तुमच्या एका गोष्टीनं माझं घर बसलं.

पत्र वाचून झालं. मग दत्तोबा सावकाश उठला. म्हणाला, "आपलं देवक पानकनीस. पानकनीस कुटं उगवतं? पान्यात. उदकाच्या घरचे आपुन. आन् पंतच लिवत्यात का ह्यो बी उदकाच्या रक्ताचा. म्हंजी ह्यो आपल्या भावकीतला झाला. रतनचा भाऊ झाला." आणि देवळातले सगळे माना हलवू लागले. मी म्हटलं, अरे, हा शब्द आहे. दत्तोबा म्हणाला, "मग केदाऱ्यांचं केदारी, ठाकरांचं ठाकर, ही आडनावं काय दगूड हाय व्हय? ते बी शब्दच."  याच्यावर तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

हे एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतले भाऊआजोबा वारले. आमचे चुलत आजे लागत. भावकीनं घाटावर माणूस पाठवला, की घरात मयत झालंय, सुतक धरा. हौशीराम आला. नदीवर सगळ्या भावकीबरोबर त्यानंही डोकं भादरलं आणि दहा दिवस सुतकात बसला. कंपनीत काय कारण सांगितलं कोण जाणे. ज्या म्हाताऱ्याला त्यानं जन्मात पाहिलं नाही, त्याच्यासाठी ते पोर पिंडापाशी सगळ्यांच्या मागं उभं होतं. त्याला 'आमचा वासरश्लोसांकडचा' म्हणून पाहुण्यांना ओळख करून देत होते.

रतनला सांगितलंय, येत्या भाऊबिजेला त्याला ओवाळायचं. तेव्हापासून ती बोलत नाही. भाकरी थापते, वाढते, उष्टी काढते, एक शब्द नाही. परवा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आबा, तुमी पत्र कशाला लिवलं?" बिजवराकडच्यांनी वैशाख वद्यातला मुहूर्त धरलाय.

आयुष्यात तुमच्याकडं काही मागितलं नाही. आता मागतो. एक पत्र लिहा. चुकलं म्हणून लिहा. ते उदक वेगळं आणि हे वासर वेगळं, यांचा एकमेकांशी संबंध नाही, एवढंच. मी ते देवळात वाचून घेईन. खरं लिहा म्हणून मीच सांगितलं होतं, ते मी मागं घेतो.

भिमाजी

*

विजेचं ठाणं, खंडाळा
ता. ४ एप्रिल १९३२

आदरणीय दिगंबर गुरुजींस हौशीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपली-माझी भेट नाही. पण आपण माझ्याबद्दल तीन पत्रं लिहिलीत. माझ्याबद्दल आजवर कुणी एकही लिहिलं नव्हतं, म्हणून हे आभाराचं.

मला कुणी विचारायचं, तू कुणाचा, तर मी म्हणायचो, खोक्याचा. लोक हसायचे, मीही हसायचो. मी ज्या हौदावर कामाला आहे, त्याचंच नाव माझं आडनाव आहे हे मला आपल्या पत्रामुळं कळलं. त्या दिवशी हौदाच्या कठड्यावर बसून भाकरी खाल्ली. उगीच बरं वाटलं.

गुरुजी, दुसरं लिहिताना लाज वाटते. भाऊआजोबा गेले तेव्हा मी सुतक धरलं. माझं डोकं भादरताना न्हावी म्हणाला, "कोन लागत व्हते तुजे?" तेव्हा माझ्या शेजारच्यानं सांगितलं, "त्याचा आजा लागतो." मला कुणाच्या मरणाचं असं बरं वाटू नये. पण मी जन्मात पहिल्यांदा कुणाचा तरी कुणी लागलो.

भिमाजी आबांनी तुम्हाला खोटं लिहायला सांगितलंय, ते त्यांनी मला सांगितलं. आपण लिहिलं तर मला रतन मिळेल आणि माणसं जातील. नाही लिहिलं तर माणसं राहतील आणि रतन बिजवराकडं जाईल. तिला तिथं सुख नाही. तेव्हा आपण खोटं लिहावं. मी पुन्हा खोक्याचा होतो, मला त्याची सवय आहे.

आपला
हौशीराम वासरश्लोस

*

लोणावळे
ता. ९ एप्रिल १९३२

प्रिय भिमाजीराव,

हौशीरामाचं पत्र आलं. ते वाचून दोन दिवस मी कोश उघडला नाही.

खोटं मला लिहिता येत नाही. लिहायला बसलो. 'उदकाचा आणि वासराचा काही संबंध नाही' एवढं एक वाक्य. पाच कागद फाडले. मी साधा शाळामास्तर. माझ्याकडे पैसा नाही, मूल नाही. हे शब्द तेवढे आहेत आणि त्यांच्याशी मी कधी लबाडी केलेली नाही. आता केली तर मग माझं काय उरलं? माझा राग आला तर येऊ द्या. मला माझाच येतोय.

पण शास्त्रात एक वाट आहे. बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्या उलटल्या, की रक्ताचं नातं लग्नाआड येत नाही. इथे तर चार-पाच हजार वर्षं झाली. किती पिढ्या होतात ते तुमच्या बेरजेवर सोडतो. हे भावकीला समजावून सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर आणखी आधार लागेल. म्हणून मी उद्या पुण्याला निघतोय. तिथल्या ग्रंथालयात काही जुने जर्मन ग्रंथ आहेत. एखादी फट सापडेपर्यंत मी परत येणार नाही.

आपला
दिगंबर

*

लोणावळे
ता. १८ एप्रिल १९३२

ती. अंबूआत्याबाईंना प्रमोदिनीचा वाकून नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, आणि तुम्ही हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्याल हे ठाऊक आहे. तरी बायकांचं बोलणं आहे, म्हणून तुमच्या नावानं लिहिते. हे पुण्याला ग्रंथ चाळताहेत. पिढ्यांचं शास्त्र तुमच्या भावकीनं मोडीत काढलं, देवक पिढ्या मोजत नाही म्हणून, असं भावोजींनी कळवलं. ते मी यांना पुण्याला कळवलेलं नाही. जेवण सुटेल त्यांचं.

हौशीराम रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता. भादरलेल्या डोक्यावर नुकते केस येताहेत. दोनदा आमटी मागून घेतली, आणि उठताना आपलं ताट स्वतः घासायला निघाला. मी चौकशी केली ती एवढीच. मुलगा चांगला आहे.

आत्याबाई, यांच्या पहिल्या पत्राचं दुसरं पान काढा. ते देवळात कुणी वाचलंच नाही म्हणे. त्यात लिहिलंय, वासर ही श्लोसांच्या घरी आलेली सून, आणि घर श्लोसांचं. म्हणजे मुलाचं कुळ श्लोस. मग वासर कोण झालं? आईकडचं. मुलाचं आजोळ ते. आणि तुम्ही उदकाच्या घरचे असाल, तर तुम्ही त्या मुलाचे भाऊबंद कसे? तुम्ही त्याच्या मामाकडचे.

पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. मी स्वतः यांच्या मामाची मुलगी. यांना जगातल्या सगळ्या शब्दांची नाती कळतात, पण सकाळी चहा कुणी आणून दिला त्या नात्यावरून त्यांना हे सुचलं नाही.

तुमची
प्रमोदिनी

*

मु. कडजाई
ता. ३० मे १९३२

दिगंबरपंतांस, मुक्काम पुणे, भिमाजीचा रामराम.

ग्रंथालयातून बाहेर या. लग्न झालं.

तुम्हाला निमंत्रण पाठवलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, टपाल उघडायचंही त्यांना भान नाही. तेव्हा हे तरी उघडा.

वहिनींचं पत्र आलं त्या संध्याकाळी आत्यानं तुमच्या पहिल्या पत्राचं दुसरं पान देवळात वाचायला लावलं, आणि गुरुजींना एक ओळ गाळू दिली नाही. मग दत्तोबाला म्हणाली, "तूच म्हनलास ना का आपुन उदकाचे?" दत्तोबा म्हणाला, "व्हय." आत्या म्हणाली, "मंग आपुन त्याचे मामा झालो. मामाची पोरगी भाच्याला न्हाई द्यायची, तर काय नाने मावळात द्यायची?" भाच्याचा हक्क डावलून पोर बाहेर दिली तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं. बिजवराला दुसऱ्या दिवशी निरोप गेला. सुतकाचाही हिशोब निघाला. भाच्याला दहा दिवसांचं कारणच नव्हतं, तीन पुरे होते. उरलेलं पुण्य म्हणून जमा झालं असं भटजींनी सांगितलं.

मग श्लोसांचं देवक काय, हा प्रश्न आला. किल्ला तर मांडवात आणता येत नाही. आत्या म्हणाली, मूळपुरुष आणा. आमच्या गोठ्याची कडी काढली, तिला हळद लावली, आणि मुहूर्तमेढीला पाणकणसाशेजारी बांधली. आता बारा मावळांत कडी हे देवक असलेलं घराणं एकच. गोठ्याचं दार चार दिवस सुंभानं बांधून ठेवलं.

रतन बोलू लागली. पहिलं वाक्य मला बोलली, "आबा, पंतांना आता पत्र नका लिवू." तरी लिहितोय.

वरमाय म्हणून प्रमोदिनी वहिनी बसल्या. त्यांच्या मांडीवर बसून हौशीरामानं हळद लावून घेतली, एवढा बाप्या माणूस. पण त्या सोडल्या तर मुलाकडच्या बाजूला सतरंजी रिकामी. इकडं आमची भावकी शंभर-सव्वाशे, आणि तिकडं वहिनी, कंपनीचे दोन फिटर आणि ते खोकं. खोकं त्यानं घाटावरून डोक्यावर आणलं होतं. अक्षता टाकताना माझं लक्ष सारखं त्या सतरंजीकडं जात होतं. आपल्या पोरीला आपण देतोय कुणाच्या घरी, असं मनात येत होतं.

कन्यादानाला मी तांब्या घेतला. पवनेचं पाणी. त्याची ओंजळ, तिची ओंजळ, आणि मी वरून धार सोडू लागलो. भटजींचे मंत्र चालू होते. तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं,

"उगी ऱ्हावा. आजोळचं मानूस आलंया त्याचं."

हौशीरामानं ओंजळीतल्या पाण्याकडं बघितलं. मग त्यानं ओंजळ मिटली. भटजी म्हणाले, हात उघडा, पाणी ताम्हनात पडू द्या. तो म्हणाला, "वाईच थांबा."

सगळे थांबले. दत्तोबासुद्धा थांबला. मुहूर्त टळत होता, पण त्याच्या ओंजळीतलं पाणी आपणहून झिरपून जाईपर्यंत कुणी त्याला घाई केली नाही.

पंत, तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, हे फार बरं केलंत.

तुमचा बाकावरचा सोबती आणि आता वासरश्लोसांचा व्याही,
भिमाजी